तोराहविषयी कुराणाची साक्ष : टोकियोतील एका हिब्रू वर्गाच्या निमित्ताने



आजच्या व्याख्यानासाठी निवडलेला विषय आपल्या घरोघरी, विशेषतः महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या बोलण्यात, वारंवार येतो. त्यांचे मुसलमान मित्र त्यांना पुष्कळदा आपुलकीनेच सांगतात की, मूसा पैगंबरांना मिळालेली तौरात आम्ही मानतो. परंतु आज तुमच्या सिनेगॉगमध्ये जी वाचली जाते ती मूळची राहिलेली नाही, तुमच्या पूर्वजांनी तिच्यात फेरफार केला. हे ऐकून आपली काही मुले रागावतात आणि काही गप्प बसतात. रागाने मैत्री तुटते आणि गप्प बसल्याने मनात शंका घर करते. म्हणून कुराणात यासंबंधी नेमके काय सांगितले आहे, नंतरच्या विद्वानांनी त्याचा अर्थ कसा लावला आणि आपल्या आचार्यांनी त्याला काय उत्तर दिले, हे शांतपणे पाहावे असे मी योजिले आहे.

त्यासाठी मी आपणास प्रथम जपानमध्ये नेणार आहे. काहींना याचे नवल वाटेल. अरबस्तान, स्पेन, इजिप्त या देशांत यहुदी आणि मुसलमान शेकडो वर्षे शेजारी राहिले आणि शेजाऱ्यांचे जसे होते तसे त्यांचे सख्यही झाले व भांडणही झाले. तेथील कोणीही हे ग्रंथ हाती घेतो तेव्हा जुन्या वादाची एक बाजू त्याच्या वाट्याला आधीच आलेली असते. जपानमध्ये तोराह आणि कुराण हे दोन्ही ग्रंथ अर्वाचीन काळातच नीट पोहोचले. तेथील अभ्यासकाला या वादात वडिलोपार्जित बाजू नव्हती. शिवाय, ज्या जपानी पंडिताने कुराण मूळ अरबीतून आपल्या भाषेत आणले, त्याने सेमिटिक भाषांची पहिली ओळख हिब्रूच्या वर्गात करून घेतली होती, आणि त्या वर्गाचे शिक्षक पुढे स्वतः यहुदी झाले. ही हकीकत आपल्या समाजात फारशी कोणाला ठाऊक नाही.

त्या शिक्षकांचे नाव सेत्सुझो कोत्सुजी. त्यांचा जन्म १८९९ मध्ये क्योतो येथे शिंतो पुजाऱ्यांची परंपरा असलेल्या घराण्यात झाला. लहानपणी त्यांच्या हाती बायबल आले आणि त्यातील आपल्या पूर्वजांच्या कथांनी त्यांचे मन वेधून घेतले. त्या काळी जपानमध्ये या ग्रंथाकडे जाण्याचा मार्ग ख्रिस्ती संस्थांमधूनच जात असे, म्हणून ते प्रथम ख्रिस्ती झाले. अमेरिकेत जाऊन त्यांनी हिब्रू आणि सेमिटिक भाषांचा अभ्यास केला. परत आल्यावर त्यांनी टोकियोत मूळ भाषेतून बायबल शिकविणारा वर्ग चालविला आणि जपानी भाषेत हिब्रूचे पाठ्यपुस्तक लिहिले.

१९३० च्या दशकात त्या वर्गात दोन तरुण येत असत. एक मासाओ सेकिने आणि दुसरा तोशिहिको इझुत्सु. दोघांची मैत्री जमली आणि हिब्रूच्या पाठोपाठ दोघेही अरबीकडे वळले. पुढे सेकिने तनाखचे जपानमधील मान्यवर अभ्यासक झाले. इझुत्सु केइओ विद्यापीठात प्राध्यापक झाले, नंतर कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात आणि १९७९ च्या क्रांतीपर्यंत तेहरानमध्ये त्यांनी अध्यापन केले. इवानामी या प्रकाशनसंस्थेची स्वस्त किमतीच्या, खिशात मावणाऱ्या अभिजात ग्रंथांची एक माला जपानमध्ये घरोघरी वाचली जाते. त्या मालेत सेकिने यांनी केलेला बेरेशीथचा अनुवाद १९५६ मध्ये आला, आणि इझुत्सु यांनी मूळ अरबीतून केलेला कुराणाचा अनुवाद १९५७-५८ मध्ये तीन भागांत आला. एकाच वर्गात बसलेल्या दोन मित्रांनी आपल्या देशबांधवांच्या हाती तोराह आणि कुराण एकाच मालेतून दिले.

इझुत्सु यांचे अरबीचे गुरू दोन होते. टोकियोची मशीद १९३८ मध्ये उभी राहिली. तिचे इमाम अब्दुर्रशीद इब्राहिम हे त्यांपैकी एक. दुसरे मूसा जारुल्लाह बिगियेव. दोघेही रशियाच्या राज्यातून देशोधडीला लागून जपानमध्ये आलेले मुसलमान पंडित. बिगियेव यांना संपूर्ण कुराण मुखोद्गत होते, आणि त्याशिवाय व्याकरणाचे व टीकेचे कित्येक ग्रंथही. इझुत्सु यांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. गुरुजी घरी आले असता त्यांनी पुस्तकांनी भरलेली कपाटे पाहिली आणि विचारले की, घराला आग लागली तर तू काय करशील? गोगलगायीने पाठीवर घर वाहावे तसे तू पुस्तके वाहत हिंडणार काय? त्यांच्या मते खरी विद्या पंडिताच्या मस्तकातच असावयास हवी.

या आठवणीत आपल्या विषयाची एक किल्ली आहे. कुराण या शब्दाचा अर्थच पठण असा आहे. ग्रंथाची शुद्धता म्हणजे असंख्य पाठकांच्या स्मरणातील एकवाक्यता, ही त्या परंपरेची धारणा. आपल्याकडे परंपरा निराळी आहे. सोफेर चर्मपत्रावर लिहितो, समोर ठेवलेल्या प्रतीवरून प्रत्येक शब्द उच्चारून लिहितो, आणि एक अक्षर जरी चुकले तरी ते दुरुस्त होईपर्यंत सेफेर तोराह वाचण्यास योग्य ठरत नाही. एकाचा भर कंठावर, दुसऱ्याचा लेखणीवर. दुसऱ्याच्या ग्रंथाच्या शुद्धतेविषयी बोलताना प्रत्येक जण नकळत आपल्याच परंपरेची फूटपट्टी लावतो. पुढे उद्भवलेल्या वादाचे एक मूळ येथे आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या काळी जपानी साम्राज्याला इस्लाम आणि यहुदी या दोन्ही विषयांत जे स्वारस्य होते ते निव्वळ ज्ञानासाठी नव्हते. दक्षिण मांचुरिया रेल्वे ही बलाढ्य कंपनी साम्राज्याचे अभ्यासखातेही चालवीत असे. कोत्सुजी तिचे यहुदी विषयांचे सल्लागार होते. इझुत्सु यांनी अरबी ग्रंथसंग्रहाचे काम केले ते तिच्याशी संलग्न अशा संस्थेत, शूमेई ओकावा यांच्या हाताखाली. हे ओकावा साम्राज्यवादी विचारवंत होते. युद्धानंतर टोकियोच्या खटल्यात ते आरोपी होते. मनोरुग्ण ठरल्यामुळे त्यांच्यावरील खटला पुढे चालला नाही आणि रुग्णालयात असताना त्यांनीही कुराणाचा एक अनुवाद केला, तो १९५० मध्ये निघाला. हेतू संमिश्र होते. पण त्या गर्दीतून खरी विद्या निपजली, हेही तितकेच खरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इझुत्सु यांची वाचण्याची पद्धत साधी आणि कठोर होती. ग्रंथातील एखादा महत्त्वाचा शब्द घ्यावा, तो त्या ग्रंथात कोणकोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो ते पाहावे आणि त्या संगतीतून त्याचा अर्थ ठरवावा. १९६४ मध्ये कुराणातील ईश्वर आणि मानव यांच्यावर त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथात पहिल्या उदाहरणांतील एक शब्द आहे ‘किताब’. साध्या अरबीत किताब म्हणजे पुस्तक. परंतु कुराणात हा शब्द अल्लाह, प्रकटीकरण, पैगंबर आणि लोक या शब्दांच्या संगतीत येतो, आणि त्यामुळे त्याला पवित्र ग्रंथाचा अर्थ चढतो. ‘अहल-अल-किताब’ म्हणजे नुसते पुस्तके बाळगणारे लोक नव्हेत. ज्यांना ईश्वराकडून ग्रंथ मिळाला ते लोक, अर्थात यहुदी आणि ख्रिस्ती. हे नावच एक साक्ष आहे. ज्यांचा ग्रंथ खोटा मानला जातो, त्यांना कोणी ग्रंथाचे लोक म्हणून हाक मारीत नाही.

ही पद्धत पुढे चालवून कुराणातील संबंधित आयती एकत्र ठेवल्या, तर त्यांचे तीन गट दिसतात.

पहिला गट पुष्टी देणाऱ्या आयतींचा. तिसऱ्या सूरेच्या आरंभी सांगितले आहे की, कुराण आपल्या आधी आलेल्या ग्रंथांचे सत्यत्व सांगते आणि तौरात व इंजील ही ईश्वरानेच पाठविली. पाचव्या सूरेतील ४४ व्या आयतीत तोराहमध्ये मार्गदर्शन आणि प्रकाश असल्याचे म्हटले आहे. त्याच सूरेची ४३ वी आयत विचारते की, यहुद्यांजवळ ईश्वराचा निर्णय सांगणारी तोराह असताना ते निवाड्यासाठी मुहंमदांकडे कशाला येतात? तिसऱ्या सूरेच्या ९३ व्या आयतीत खाण्यापिण्याच्या निषिद्धांवरून वाद आहे आणि तेथे तोराह आणून वाचून दाखवा असे आव्हान आहे. दहाव्या सूरेच्या ९४ व्या आयतीत तर शंका आली असता आधीपासून ग्रंथ वाचणाऱ्यांना विचारावे असे सांगितले आहे. या आयती सातव्या शतकातील यहुद्यांच्या हाती असलेल्या ग्रंथाविषयी बोलतात. तो ग्रंथ मुळात नष्ट झालेला आहे असे मानले, तर त्याच्याकडे बोट दाखविण्याला अर्थ उरत नाही.

दुसरा गट तक्रारीचा आहे, आणि तो आपण झाकून ठेवता कामा नये. दुसऱ्या सूरेतील ७५ वी आयत, चौथीतील ४६ वी, पाचवीतील १३ वी आणि ४१ वी या आयतींत काही लोक शब्द त्यांच्या जागेवरून हलवितात असा आरोप आहे. यावरूनच ‘तहरीफ’ ही संज्ञा रूढ झाली. तिसऱ्या सूरेच्या ७८ व्या आयतीत वाचताना जीभ वळवून ग्रंथाबाहेरचे ग्रंथातले भासविण्याचा दोष दाखविला आहे. दुसऱ्या सूरेची ७९ वी आयत सर्वांत कडक आहे. स्वतःच्या हाताने लिहून ते ईश्वराचे आहे असे सांगून मोबदला घेणाऱ्यांचा तीत धिक्कार आहे. लक्षात घ्यावयाचे ते हे की, या आयतींत बहुधा काही लोक, एक गट, अशी भाषा आहे. सर्व इस्राएलाने सर्व प्रती बदलल्या असे विधान त्यांत नाही.

चौथ्या सूरेतील त्या आयतीत एक मौज आहे, आणि ती हिब्रू जाणणाऱ्यालाच कळते. तेथे यहुद्यांवर असा आरोप आहे की, ते ऐकले असे म्हणतात आणि लगेच ‘असैना’ म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ आम्ही मानले नाही. आता आपल्या देवारीमच्या पाचव्या अध्यायात सीनायजवळ आपले पूर्वज मोशे रब्बेनूंना ऐकण्याचे आणि त्याप्रमाणे करण्याचे वचन देतात. हिब्रूत आम्ही केले यासाठी शब्द आहे ‘असिनू’. एका भाषेतील पूर्ण आज्ञापालनाचा शब्द दुसऱ्या भाषेच्या कानाला अवज्ञेसारखा ऐकू येतो. हे साम्य विद्वानांनी पूर्वीच दाखविले आहे. मदिनेच्या गल्लीत तो शब्द कोणी कोणत्या भावनेने उच्चारला असेल हे आज सांगता येणार नाही, परंतु तक्रारीचा रोख उच्चारावर आणि अर्थावर आहे, चर्मपत्रावरील शाईवर नाही, इतके या स्थळी स्पष्ट दिसते.

हदीसमधील एक प्रसंगही असाच आहे. बुखारीच्या संग्रहात तो आला आहे. एका निवाड्याच्या वेळी तोराह आणविली गेली. वाचणाऱ्याने एका वचनावर हात ठेवून मागचे-पुढचे वाचले, आणि पूर्वी यहुदी असलेल्या अब्दुल्लाह इब्न सलाम यांनी त्याला हात उचलावयास लावले. हाताखाली ते वचन होतेच. कथेतील दोष वचन लपविण्याचा आहे, पुसण्याचा नाही.

तिसऱ्या गटात मुख्यतः एकच आयत आहे, पाचव्या सूरेची ४८ वी. तीत कुराण आधीच्या ग्रंथाची पुष्टी करते आणि त्यावर ‘मुहैमिन’ आहे असे म्हटले आहे. या शब्दाचा अर्थ रक्षक, साक्षी, देखरेख करणारा असा केला जातो. मुसलमान टीकाकार यावरून असे मानतात की, आधीच्या ग्रंथांतील काय ग्राह्य हे कुराणाच्या कसोटीवर ठरावे. येथे आपला आणि त्यांचा मार्ग वेगळा होतो, आणि तो भेद विनयाने पण स्पष्टपणे मान्य केला पाहिजे.

ख्रिस्ती ग्रंथाविषयी प्रश्न थोडा निराळा आहे. कुराण ‘इंजील’ हा शब्द एकवचनी वापरते आणि ते ईसांना दिलेले पुस्तक आहे असे सांगते. ख्रिस्ती लोकांजवळ मात्र येशूच्या चरित्राची चार लेखकांनी लिहिलेली चार शुभवर्तमाने आहेत. त्यामुळे इंजील म्हणजे ही चार पुस्तके की आणखी काही, असा वाद तेथे आरंभापासूनच आहे. तोराहच्या बाबतीत तशी अडचण नाही. कुराण जिला तौरात म्हणते ती मोशेला मिळालेली तोराह, याविषयी दोन्ही बाजूंचे दुमत नाही.

पाचव्या सूरेतील ३२ वी आयत आपल्यापैकी प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे. बनी इस्राईलसाठी ईश्वराने असे लिहून ठेविले आहे, असे म्हणून तेथे सांगितले जाते की, एका जिवाची हत्या ही साऱ्या मानवजातीच्या हत्येसारखी आणि एका जिवाला वाचविणे हे साऱ्या मानवजातीला वाचविण्यासारखे आहे. हा विचार मोशेच्या पाच पुस्तकांत या शब्दांत येत नाही. तो मिश्नाच्या सन्हेद्रिन भागात, चौथ्या अध्यायात आहे, आणि तेथेही काईन व हेबेल यांच्या कथेच्या संदर्भातच आहे. म्हणजे आपल्या आचार्यांच्या मौखिक शिकवणीतील वचनालाही कुराणाने ईश्वराने इस्राएलला लावून दिलेला नियम म्हटले आहे.

हे वचन उच्चारताना मला कोबे शहर आठवते. काही वर्षांपूर्वी मी तेथे गेलो होतो. कितानो नावाच्या डोंगरउताराच्या वस्तीत थोड्या अंतरावर एक मशीद आणि एक सिनेगॉग आहे. मशीद १९३५ ची. भारतातील मुसलमान व्यापारी आणि रशियातून आलेले तातार यांच्या पैशांतून ती उभी राहिली, आणि १९४५ च्या बाँबवर्षावातून व १९९५ च्या भूकंपातून ती वाचली. सिनेगॉगची आजची इमारत १९७० ची आहे. परंतु यहुदी कुटुंबे तेथे फार आधीपासून आहेत. १९४० आणि १९४१ मध्ये लिथुआनियातील जपानी अधिकारी चिउने सुगिहारा यांनी दिलेले व्हिसा घेऊन युरोपातील हजारो यहुदी निर्वासित याच शहरात उतरले; त्यांत मीर येशिवाचे गुरू आणि शिष्यही होते. त्यांची मुदत थोड्या दिवसांची होती. ती संपली असती तर त्यांना कोठेच जाता आले नसते. त्या वेळी कोत्सुजी पुढे झाले. त्यांनी आप्तांकडून पैसे घेतले, स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांचे मन वळविले आणि मुदती पुन्हा पुन्हा वाढवून घेतल्या. ज्या ग्रंथाचे व्याकरण त्यांनी शिकविले त्याचे लोक प्रत्यक्ष दारात आले, तेव्हा ते व्याकरणापाशी थांबले नाहीत. १९५९ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, यरुशलेम येथे त्यांनी यहुदी धर्म स्वीकारला आणि अब्राहाम हे नाव घेतले. १९७३ मध्ये त्यांचे जपानमध्ये निधन झाले आणि यरुशलेमच्या भूमीत त्यांचे दफन झाले.

आता कुराणानंतर हा वाद कसा वाढला ते थोडक्यात पाहू. आरंभीच्या मुसलमान विद्वानांत तहरीफचा अर्थ मुख्यतः चुकीचा अन्वय असा करणारे थोर लोक होते. ईश्वराच्या ग्रंथाचे शब्द कोणी पुसू शकत नाही, फक्त त्यांचा अर्थ फिरविला जातो, असे मत बुखारीच्या संग्रहात नमूद आहे. अकराव्या शतकात स्पेनमधील इब्न हझ्म यांनी मात्र मूळ मजकूरच बदलला आहे असे जोरदारपणे मांडले. संख्यांतील आणि वंशावळींतील विसंगती दाखवून त्यांनी मोठा ग्रंथ रचला. त्याच काळी ग्रनादाच्या दरबारात शमुएल हन्नागिद यांच्यासारखा यहुदी वजीर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या लेखनातील तिखटपणाचे एक कारण कळते. पुढे १४ व्या शतकात इब्न खल्दून यांनी पुन्हा असे म्हटले की, धर्मग्रंथ मानणारा समाज आपल्याच ग्रंथाचा मजकूर सहसा बदलीत नाही. म्हणजे मुसलमान विद्वानांचेही या बाबतीत एकमत कधीच नव्हते.

आपल्या देशात हा वाद एप्रिल १८५४ मध्ये आग्रा येथे गाजला. ख्रिस्ती मिशनरी कार्ल फान्डर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात बायबल बदलले आहे की नाही यावर जाहीर वादविवाद झाला. कैरानवी यांनी युरोपातील ख्रिस्ती विद्वानांच्याच चिकित्सेचा आधार घेऊन प्रतिपक्षाला अडचणीत आणले. त्यानंतर काही वर्षांनी सर सय्यद अहमद खान यांनी ‘तब्यीन-उल-कलाम’ हे बायबलवरील भाष्य लिहावयास घेतले. त्याचा आरंभ १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. तहरीफ मुख्यतः अर्थाची आहे या जुन्या मताकडे त्यांचा कल होता. एक गोष्ट मात्र मनाला लागते. आग्र्याच्या त्या सभेत ज्या ग्रंथावर वाद चालला त्यात आपली तोराहही होती, पण वाद करणाऱ्यांत यहुदी कोणी नव्हता.

आपल्या आचार्यांनी यावर काय म्हटले? रंबम यांनी ११७२ च्या सुमारास येमेनच्या यहुद्यांना पाठविलेल्या पत्रात या आरोपाला उत्तर दिले आहे. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी आहे. मुहंमदांच्या कितीतरी शतके आधी तोराहची ग्रीक, सिरियाक, फारसी आणि लॅटिन भाषांतरे झाली होती. यहुदी पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत विखुरलेले होते आणि तरी सर्वत्र मजकूर एकच होता. एवढ्या लोकांनी गुप्तपणे एकाच प्रकारचा बदल करणे अशक्य आहे. दुसऱ्या एका निर्णयात त्यांनी ख्रिस्ती लोकांना आज्ञा शिकविण्यास मुभा दिली, कारण ते आपला मजकूर मान्य करतात, फक्त अर्थ वेगळा लावतात. मुसलमानांच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतला, कारण ते मजकूरच मान्य करीत नाहीत. तरीही मुसलमान हे मूर्तिपूजक नव्हेत, एकाच परमेश्वराचे उपासक आहेत, असेही रंबम यांनीच ओवद्या नावाच्या धर्मांतरिताला निःसंदिग्धपणे लिहिले. मतभेद आणि आदर या दोन गोष्टी एकाच लेखणीतून उतरू शकतात.

रंबम यांच्या युक्तिवादाला पुढे दोन मोठे पुरावे मिळाले. त्यातील एक आपल्याच देशातला आहे. १८०६ मध्ये क्लॉडियस ब्युकॅनन यांनी कोचीनच्या यहुद्यांकडील एक जुनी चर्मपत्राची तोराह केंब्रिजला नेली. थॉमस येट्स यांनी ती युरोपातील प्रतींशी अक्षरशः ताडून पाहिली आणि १८१२ मध्ये तो तपशील छापला. फरक मोजकेच निघाले आणि बहुतेक एखाद्या अक्षराच्या लेखनापुरते होते. दुसरा पुरावा १९४७ पासून मृत समुद्राजवळील गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांचा. येशायाहूची मोठी गुंडाळी तोवर ज्ञात असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे, आणि तिच्यात आपण आज वाचतो तोच ग्रंथ ओळखू येतो. त्याच गुहांत काही पुस्तकांचे थोडे निराळे पाठही मिळाले, तेही सांगितले पाहिजे. आपल्या मसोरेतांनी लिहिलेले आणि वाचावयाचे असे दोन पाठ समासात नोंदविले, ते अशा फरकांची जाणीव होती म्हणूनच. पण मुहंमदांच्या जन्मापूर्वी शेकडो वर्षे तोराह आजच्या स्वरूपात स्थिर होती, याविषयी आता शंका राहिलेली नाही.

शेवटी आपल्या कोकणाकडे येतो. आपण स्वतःला बेने इस्राएल म्हणवितो. कुराण जेव्हा ‘बनी इस्राईल’ म्हणते तेव्हा बहुधा ईश्वराच्या कृपेची आणि कराराची आठवण देते. ‘यहूद’ हा शब्द तेथे अधिक कठोर संदर्भात येतो. आपल्या नावाचे एक कारण यात असावे असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. परंपरा सांगते की, सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेत सापडले असता सुलतानाच्या मातेने बनी इस्राईल हे नाव ऐकून त्यांचे प्राण वाचविण्याची विनंती केली, कारण हे नाव तिला कुराणातून ठाऊक होते. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले, ज्याला आपले वाडवडील जुनी मशीद म्हणत. ज्या ग्रंथातील एका तक्रारीने आपली मुले आज अस्वस्थ होतात, त्याच ग्रंथातील एका नावाने आपल्या पूर्वजाला जीवदान दिले, अशी आपली स्वतःचीच परंपरा आहे.

पुढे १९ व्या शतकात तनाख आणि हिब्रूचे शिक्षण आपल्याला पुष्कळसे मिशनऱ्यांकडून मिळाले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. त्यांचा हेतू आपल्याला ठाऊक होता. आपल्या पूर्वजांनी व्याकरण घेतले, मजकूर घेतला आणि अर्थ मात्र आपला ठेवला. १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत छापली गेली, ती याच जागृतीची खूण. मजकूर एक आणि अन्वय दोन, ही गोष्ट आपण पुस्तकात वाचण्याआधी जगलो आहोत.

म्हणून मुलांना माझे सांगणे असे. मित्राने प्रश्न विचारला तर रागावू नका. कुराणाने तोराहला प्रकाश म्हटले आहे हे त्याला सांगा. तक्रारीच्या आयतीही आहेत आणि त्यांच्या अर्थाविषयी त्याच्याच परंपरेत मतभेद आहेत, हेही सांगा. जेथे मार्ग वेगळे होतात तेथे ते वेगळे आहेत असे म्हणा. आपल्या तोराहची सत्यता कुराणाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही. सीनायवरील करारावर आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वाचणाऱ्यांवर ती उभी आहे. परंतु हे सारे बोलण्यासाठी आपल्याला ती वाचता आली पाहिजे. टोकियोत यहुदी नसलेल्या दोन तरुणांनी हिब्रू शिकून आपल्या ग्रंथाला आणि शेजारच्या ग्रंथालाही न्याय दिला. आपल्या घरी तर हा ग्रंथ जन्मापासून आहे. दर शब्बाथच्या आधी त्या आठवड्याची पाराशा प्रत्येक कुटुंबाने एकदा हिब्रूतून आणि एकदा मराठीतून वाचावी, आणि अडलेले शब्द हझ्झानसाहेबांना विचारावेत, एवढीच माझी विनंती आहे.

शालोम.